अक्षरी चाळीस

विट्यात, कराड रस्त्याला, यंत्रमागांच्या खडखडाटात
सर्जेराव मिस्त्रीचा पत्रा रंगवत होतो मी.
निळी जमीन वाळलेली. खडूची दोरी मारून
वरची ओळ उरकलेली :
'येथे परदेशी गाड्यांची सर्व कामे, विशेषतः'
आणि विशेषतःपाशी ब्रश अडला.

"रेनॉल्ट," सर्जेराव म्हणाला.
"पुस्तकात छापलंय की. एल हाय, टी हाय."
"रेनो," म्हणाले कुंभार गुरुजी,
पंक्चर निघेस्तोवर बाकड्यावर टेकलेले.
"शेवटची अक्षरं मुकी."
"मुकी? मग लिवली कशाला?"
"घरात असतात माणसं, बोलत नाहीत.
म्हणून रेशन कार्डावरनं नाव काढतोस काय?"

माझा दर अक्षराला चाळीस, जोडाक्षराला साठ.
रेनोचे ऐंशी. रेनॉल्टचे एकशेचाळीस.
साठ रुपयांचं मत होतं माझं,
ते मी ब्रशबरोबर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलं.

सर्जेरावनं लेकीला फोन लावला, स्पीकरवर.
समीक्षा पुण्यात फ्रेंचच्या क्लासला जाते.
"पप्पा, रेनोच. पण र आपला नाही,
घशातनं काढायचा, खाकरल्यासारखा."
सर्जेराव खाकरला.
हेल्परनं पाण्याची बाटली आणून दिली.

"ही कसली भाषा," तो डोळे पुसत म्हणाला,
"लिवायचं येक, बोलायचं येक.
आपलं बघा, जसं लिवतो तसं बोलतो."
गुरुजी याचीच वाट बघत होते.
"लिही दस्तगीर, विहीर. र पूर्ण की अर्धा?"
"पूर्ण."
"आता म्हण."
मी म्हणालो. र च्या पोटातला अ
विहिरीत पडला, बुडबुडाही नाही.
मी पुन्हा म्हणून बघितलं. पाटा. पाट.
पंचवीस वर्षं रंगवतोय अक्षरं,
एवढे अ पुरले माझ्या हातांनी,
आणि एकाचाही मला पत्ता नाही.

धोंडीरामशेठ गाडीचं ऑइल बदलायला आलेले,
यात्रेपुरते गावात. सेलमला सोनं गाळतात.
इतका वेळ दात कोरत होते, ते बोलले :
"सव्वीस वर्षं झाली मला तिथं.
पयल्याच दिवशी धोंडीरामचा तोंडीराम झाला.
भांडलो म्हैनाभर. मग कळलं,
त्या पेठेत माझा ध कुणाकडंच न्हाई,
मागून देणार कुठनं?
आता इथं कुणी धोंडीराम म्हणून हाक मारली
तर मी जरा उशिरा वळतो."

मग कुणीच काही बोललं नाही.
माग तेवढे बोलत होते.

तेवढ्यात मायणीकडून एक जण आला,
गाडी ढकलत, दोन पोरं मागून रेटत.
"डस्टरचं काम होतंय का हो?"
सर्जेराव उठला. बॉनेट उघडलं, आत वाकला.
नाव कुणी विचारलं नाही. 'डस्टर' म्हणताना
त्या माणसानं ट स्पष्ट उच्चारला होता,
मिस्त्रीला तेवढा पुरे.

खडूनं मी अख्खं नाव लिहून ठेवलेलं, ल्ट सकट.
आतनं आवाज आला, "घाल तुला काय घालायचं ते!"
न वरचा अर्धचंद्र मी अंगठ्यानं पुसला.
तेवढा एक पुसताना हात जरा थांबला, का ते माहीत नाही.
तिथं मात्रा दिली. पिवळ्या रंगात रेनो.
ऐंशी रुपये घेतले.

खडूचा ल्ट मात्र पुसला नाही.
दुपारी दिसत नाही तो.
साडेपाचला ऊन तिरकं झालं की
रेनोच्या शेजारी उभा असतो,
पांढरा, न बोलता.
पावसानं जाईल म्हणालो होतो.
यंदा पत्र्यावर सर्जेरावनं छप्पर घातलंय.